एकोणतीसास आठ

परवा तिसऱ्या तासाला मी सातवीच्या वर्गात गुणोत्तर शिकवत होते आणि बाहेर रस्त्यावरून जुन्या गाड्या जायला लागल्या. दरवर्षी जानेवारीत जातात. महाडहून निघतात, पोलादपूरला वळतात, आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वरला जेवतात आणि दुपारी परत उतरतात. आमची शाळा त्या वळणापासून हाकेच्या अंतरावर आहे. मुलं खिडकीशी धावली. "बाई, लाल गाडी! बाई, बिनछपराची!" मी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "बघा दोन मिनिटं." मी मात्र खिडकीशी गेले नाही. फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि आधीच पुसलेला फळा पुन्हा पुसला.

हे दिवस आमच्याकडे खरं तर सुखाचे. भात झोडून झालेलं असतं, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या असतात आणि त्याच शेतात उरलेल्या ओलीवर वाल वर आलेला असतो. सकाळी सावित्री नदीच्या अंगावर धुकं इतकं दाट की पलीकडच्या काठावर कुणी खोकलं तर माणूस दिसत नाही, नुसता खोकला ऐकू येतो. वालाला फुलं येतात तेव्हा बांधावरून जाताना एक हिरवट, कडसर वास येतो. लहानपणी तो वास आला की मी पळत सुटायचे. आता नाक दाबून धरावंसं वाटतं. वालाचा दोष नाही. त्या हिवाळ्यातही तो असाच फुलला होता.

तो हिवाळा म्हणजे सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, त्याच्या पुढच्या वर्षीचा. माझा मोठा भाऊ मिलिंद, ज्याला मी दादा म्हणते, त्याचं तेव्हा घाटाच्या पायथ्याशी, कापडे गावाच्या अलीकडे, गॅरेज होतं. चार खांब, वर पत्रे, मागे करंजाचं झाड. आम्ही पोलादपूरजवळच्या बुद्धवाडीतले. वडील लवकर गेले. दादानं आठवीतून शाळा सोडली, महाडला हनीफचाचांच्या गॅरेजमध्ये काम शिकला आणि त्याच कामावर मला बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं. हे मी कुणाला सांगायला लागले की लोक म्हणतात, वा, काय भाऊ आहे. मी मान हलवते. पुढचं सांगत नाही.

हिवाळा हा दादाचा सुगीचा काळ. पावसात घाट बंद, दरडी, चिखल. दिवाळीनंतर रस्ता वाहता झाला की मुंबई-पुण्याच्या गाड्या महाबळेश्वरकडे चढायच्या आणि तिथून उतरताना निम्म्या आमच्या दारात थांबायच्या. जळलेल्या ब्रेकचा एक वास असतो. केस जळल्यासारखा, पण लोखंडाची चव असलेला. गाडी वळणावर दिसायच्या आधी तो वास यायचा आणि दादा हात पुसत उठायचा. म्हणायचा, "आला बग पाव्हणा. खाली येस्तोवर ब्रेकवर पाय ठेवून आलाय. गाडी गिअरवर उतरवायची असते, ह्ये कोण सांगणार यांना?"

त्याचं खरं कसब मात्र वेगळंच होतं. कुठल्या गाडीचं काय कुठल्या गाडीला बसतं, हे त्याला तोंडपाठ होतं. विशेषतः मागच्या आसाचं, म्हणजे डिफरन्शियलचं. दोन मागच्या चाकांच्या मध्ये जो लोखंडी गोळा असतो, त्यात दोन दातेरी चाकं असतात. इंजिनाकडून आलेला दांडा छोट्या चाकाला, पिनियनला, फिरवतो आणि पिनियन मोठ्या चाकाला, क्राउनला. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात, म्हणजे त्या गाडीचं गुणोत्तर. आकडा मोठा असेल तर गाडीला ओढ जास्त आणि पळ कमी. आकडा लहान असेल तर पळ जास्त, ओढ कमी. मी भागाकार शिकले तो असा. दादा एका दाताला खडूनं खूण करायचा आणि म्हणायचा, "मोज गो सुजे." मी ग्रीसमध्ये बोट बुडवून दात मोजत फिरायचे आणि खुणेपाशी आले की ओरडायचे, "एकेचाळीस!" शाळेतल्या गुरुजींना माझ्या वहीवर काळे ठसे का असतात ते कधी कळलं नाही.

एका गाडीचा आस दुसरीला बसला की दादा म्हणायचा, "सोयरीक जुळली." पण लगेच पुढे बोलायचा, "बोल्ट जुळले म्हंजे संसार होतोय असं नाय हां. रस्ता कुठला हाय ते बगायला पायजे."

डिसेंबर लागला तेव्हा आमच्या अध्यक्षांची गाडी ट्रकवर चढवून गॅरेजात आली.

अध्यक्ष म्हणजे आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. शाळेत त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही, मीही मारत नाही. घाटात त्यांचं रिसॉर्ट आहे, महाडला बांधकामाचा धंदा आहे, बोलणं मऊ आहे. त्या वर्षी त्यांनी एक जुनी इंग्रजी स्पोर्ट्स गाडी घेतली होती. दोन माणसांची, बिनछपराची, बाटलीसारखी हिरवी. गाडीचं नाव मी इथे लिहीत नाही, तिची काही चूक नव्हती. तिच्या पिनियनचे तीन दात तुटले होते. जानेवारीत जुन्या गाड्यांची ती फेरी पहिल्यांदाच महाडहून निघणार होती, आयोजनात अध्यक्ष स्वतः होते, आणि त्यांना त्या गाडीतून पहिल्या नंबरानं जायचं होतं.

दादानं गोळा खाली उतरवला. त्यावरून आडवा गेलेला स्प्रिंगचा पाटा सोडवला, झाकण काढलं आणि मला हाक मारली. मी शाळेतून येताना तिथेच उतरायचे. सवयीनं मी खडू घेतला. सदतीस आणि नऊ. चार पूर्णांक अकरा.

"हिची बहीण हाय महाडात," दादा म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "चाचांची गाडी. ती मद्रासला बनलेली, चार माणसांची, साधी. पण घराणं एकच. ह्यो गोळा तिचा हिला आनि हिचा तिला बसतोय. सहा बोल्ट, तीच भोकं."

रविवारी आम्ही दोघं महाडला गेलो. हनीफचाचांचं जुनं गॅरेज पुरात छपरापर्यंत बुडालं होतं. वर्ष उलटून गेलं तरी भिंतीवर पाण्याची रेघ होती, माझ्या डोक्याच्या वर दोन हात. चाचांची ती पांढरी गाडी मागच्या अंगणात उभी होती. काचांच्या आत गाळ वाळून भेगाळला होता आणि चालकाच्या जागेवर तेरडा उगवून सुकला होता. चाचा खुर्चीत बसून होते. पुरानंतर त्यांनी पाना हातात धरला नव्हता.

दादा म्हणाला, "चाचा, हिचा मागचा गोळा पायजे होता. तुम्ही नको म्हणलात तरी चालंल."

चाचा गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हिच्यातून माझी बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, पाचाडला. आता हिच्यात काय उरलंय रे? घेऊन जा. कुठंतरी फिरू दे तिचं काहीतरी."

दादानं गाडीखाली पाठीवर सरकून तो गोळा काढला. उघडला तेव्हा आतलं तेल दुधासारखं पांढरं झालेलं. पाणी शिरलं होतं. पण डिझेलनं धुतल्यावर दात असे निघाले, जणू कालच कापलेत. मी मोजले. एकेचाळीस आणि नऊ. साडेचारच्या वर. दादानं मांडीवर थाप मारली. "घाटाला ह्यापेक्षा चांगला नाय! चढंल बी धीरानं, उतरंल बी धीरानं." आम्ही तो गोळा गोणत्यात बांधून टेम्पोतून पोलादपूरला आणला. निघताना महाडच्या बाजारपेठेतल्या दहा जणांनी विचारलं, मिस्त्री, काय नेताय? दादानं दहाही जणांना हौसेनं सांगितलं. पुढे तेच त्याच्यावर उलटणार होतं.

अध्यक्ष संध्याकाळी आले. त्यांनी गोळ्याला बुटाच्या टोकानं स्पर्श केला. "हा त्या बुडालेल्या गाडीचा ना? टॅक्सीचा माल माझ्या गाडीत घालणार तुम्ही?"

"टॅक्सीचा नाय साहेब, घरच्या गाडीचा हाय. एकच घराणं."

"वेग किती जाईल?"

"सत्तरच्या वर इंजिन बोंबलंल थोडं. पण आपला घाटच हाय ना."

अध्यक्ष हसले. आठ दिवसांनी त्यांच्या माणसानं मुंबईहून एक खोका आणून दिला. आत त्याच घराण्यातल्या, पण नंतरच्या, मोठ्या इंजिनाच्या गाडीचा गोळा होता. तुळतुळीत, काळा रंग दिलेला. मी दात मोजले. एकोणतीस आणि आठ. तीन पूर्णांक बासष्ट.

दादानं गोळ्याची भोकं बोटानं चाचपली. मग म्हणाला, "ह्यो बसंल. दांडा जोडायची चकती, फ्लँज, बदलावी लागंल, बोल्टाची भोकं जरा मोठी हायत. पण बसवायचा नाय. ह्यो सपाटीचा गिअर. त्यांचं इंजिन लहान, ह्यो चढाला दम खाईल. आनि उतरताना गाडी गिअरवर धरायचीच नाय, नुसती पळंल. सगळा भार ब्रेकवर. मागं तर जुने ड्रमचे ब्रेक हायत." त्यानं माझ्याकडे बघितलं. "सुजे, तूच सांग ना त्यांना. तू शिकलेली हायस. तुझं ऐकतील."

इथे माझी गोष्ट सांगायला हवी. मी तेव्हा संस्थेत तात्पुरत्या नेमणुकीवर होते. सहा वर्षं. दर जूनला नवीन पत्र, दर एप्रिलला निरोप. त्या हिवाळ्यात माझ्या कायम मान्यतेचा प्रस्ताव तयार झाला होता. तो अलिबागला, शिक्षणाधिकाऱ्यांकडे, जायचा होता आणि त्यावर अध्यक्षांची सही व्हायची होती. तशाच आणखी एक बाई रांगेत होत्या, जागा एकच होती.

तरी मी गेले. एका कोऱ्या कागदावर तिन्ही गुणोत्तरं मांडली, सदतीसास नऊ, एकेचाळीसास नऊ, एकोणतीसास आठ. प्रत्येकासमोर चढावर काय होईल, उतारावर काय होईल ते लिहिलं. शेवटच्या ओळीसमोर लिहिलं, 'उतारावर गाडी गिअरवर धरणार नाही. ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. घाटासाठी योग्य नाही.' वर्गात फळ्यावर लिहिते तशा स्वच्छ अक्षरात. अध्यक्षांच्या ऑफिसात चहा आला. त्यांनी कागद वाचला, दोनदा वाचला.

"मॅडम, अक्षर फार सुंदर आहे तुमचं," ते म्हणाले. मग खिशातून पेन काढलं आणि कागदाखाली लिहिलं, 'वाचले. २९/८ च बसवणे.' खाली सही, तारीख. "हा तुमच्या भावाला दाखवा. म्हणजे त्याच्या मनात शंका नको. आणि हो, तुमचा प्रस्ताव पुढच्या महिन्यात पाठवायचा आहे ना? आठवण करा मला."

दादाला मी कागद दाखवला. त्यानं वाचला, घडी घालून मला परत दिला. म्हणाला, "ठेव तुझ्याकडं. माझ्याकडं तेल लागंल."

"तू नाही म्हण ना सरळ," मी म्हणाले. खरंच म्हणाले. पण कशा आवाजात म्हणाले ते मला माहीत आहे. दादालाही कळलं.

"तुझ्या साहेबांना मी नाय कसा म्हणू गो?" तो म्हणाला आणि गाडीखाली सरकला.

फेरीच्या दिवशी आमच्या शाळेची मुलं पोलादपूरला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी केली होती. कागदी झेंडे, नवे गणवेश. मी सातवीच्या मुलींबरोबर होते. सकाळी गाड्या वर गेल्या. अध्यक्षांची हिरवी गाडी पहिली. त्यांच्या डोक्यावर तपकिरी टोपी होती, शेजारची जागा रिकामी. मुलींनी झेंडे हलवले. मीही हलवला. वर चढताना गाडी दोनदा उकळली, असं नंतर कळलं. दुपारी साडेतीनला आम्ही परतीच्या स्वागताला पुन्हा उन्हात उभ्या राहिलो. एक गाडी आली, दुसरी आली, पाचवी आली. हिरवी येईना. मग कापड्याकडून एक मोटारसायकलवाला आला आणि न थांबता ओरडला, "साहेबांची गाडी ठोकली! म्हाताऱ्याला उडवला!"

शेवटच्या मोठ्या वळणावर एक म्हातारे गृहस्थ कोकम सरबताच्या बाटल्या मांडून बसायचे. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणायचो. गाडी वळणावर धरली नाही. बाबांच्या टेबलावरून गेली, त्यांचा उजवा गुडघा कठड्याशी चिरडून थांबली. अध्यक्षांच्या कपाळाला खरचटलं. मी पोचले तेव्हा रस्त्यावर सगळीकडे लाल सरबत सांडलेलं होतं. त्यातलं सरबत किती आणि रक्त किती, ते कळत नव्हतं. वर तो जळका वास होता. दादा माझ्या आधी पोचला होता. बाबांचं डोकं मांडीवर घेऊन तो रस्त्यावर बसला होता.

गाडी त्याच संध्याकाळी ट्रकवर चढवून मुंबईला रवाना झाली. ती कुणी उघडली नाही, दात कुणी मोजले नाहीत. दुसऱ्या दिवशी बातमी फिरू लागली की पोलादपूरच्या मिस्त्रीनं पुरात बुडालेल्या गाडीचा भंगार गिअर साहेबांच्या महागड्या गाडीत बसवला. अध्यक्षांनी हे पहिल्यांदा कुठे म्हटलं मला माहीत नाही. मोठ्यानं म्हणायची गरजही नव्हती. महाडच्या दहा जणांनी तो गोळा गोणत्यातून जाताना स्वतः पाहिला होता. चाचांनी बिचाऱ्यांनी लोकांना सांगितलं, अरे, माझा गोळा मिलिंदच्या गॅरेजात अजून तसाच पडलाय, जाऊन बघा. म्हाताऱ्याचं कोण ऐकतो?

पोलीस ठाण्यात दादाला बोलावलं तेव्हा मी बरोबर गेले. कागद माझ्या पर्समध्ये होता, आधार कार्ड आणि नेमणुकीच्या पत्राच्या मधल्या कप्प्यात. टेबलापलीकडे बसलेल्या हवालदारांचा स्वभाव वाईट नव्हता. त्यांनी दादाला पाणी दिलं, बसायला सांगितलं.

"गिअर कुठला टाकला?"

"साहेबांनी मुंबईहून आणलेला. मी सांगितला होता, घाटाला नको म्हणून."

"तोंडी सांगितलं? की लिहून काही आहे?"

दादा थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. घाई नव्हती त्या बघण्यात, आणि आर्जवही नव्हतं. नुसती वाट बघत होता. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल चालू होत नव्हती, कुणीतरी सारखी किक मारत होतं. मी पर्सच्या चेनीवर बोट ठेवलं. प्रस्ताव सोमवारी जायचा होता. मी खाली पाहिलं. फरशीवर सुपारीचा एक तुकडा पडला होता, त्याच्याकडे बघत राहिले.

"नाय," दादा म्हणाला. "लिहून काय नाय."

त्या एका 'नाय'नंतर मी पुष्कळ गोष्टी स्वतःला समजावल्या. गुन्हा मोठा नाही, दादा सुटेल. सुटलाही, समज देऊन सोडला. कागद दाखवला असता तरी अध्यक्षांनी ती सही आपली नाहीच म्हटलं असतं, असं समजावलं. दोघांची वाट लागण्यापेक्षा एकाचं तरी भलं होऊ दे, असंही. रात्रशाळेत प्रौढांना शिकवावं तसं मी माझ्या मनाला तेच तेच पुन्हा शिकवत राहिले. ते शिकलं नाही.

बाबांच्या दवाखान्याचा खर्च अध्यक्षांनी केला आणि त्याचा फोटो छापून आला. खाटेशेजारी उभे, हातात शहाळं. दादाही दर आठवड्याला बाबांकडे जायचा, त्याचा फोटो कुणी काढला नाही. बाबांच्या मुलानं पहिल्यांदा त्याला उंबऱ्यातूनच परत पाठवलं. दुसऱ्यांदाही पाठवलं. तिसऱ्यांदा आत घेतलं, पण बोलला नाही. बाबांचा गुडघा पुन्हा वाकला नाही.

गॅरेजात गाड्या यायच्या बंद झाल्या. जळक्या ब्रेकचा वास यायचा, दादा उठायचा, आणि गाडी तशीच पुढे जायची, दोन मैलांवरच्या नव्या गॅरेजात. तिथे कुणीतरी फळीवर लिहिलं होतं, 'येथे फक्त ओरिजिनल पार्ट बसवले जातात.' शिमग्यापर्यंत दादानं पत्रे उतरवले. चाचांचा तो एकेचाळीसास नऊचा गोळा त्यानं पुन्हा गोणत्यात बांधला, महाडला नेला आणि त्या पांढऱ्या गाडीखाली सरकून जिथला तिथे बसवून आला. गाडी चालणार नव्हतीच. चाचांनी विचारलं, कशाला रे? तो म्हणाला, "तुमचा होता."

माझी मान्यता एप्रिलमध्ये आली. शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटले. अध्यक्ष त्या दिवशी शाळेत होते. त्यांनी पेढा घेतला आणि म्हणाले, "मॅडम, गुणवत्तेला न्याय मिळतोच." मी "थँक्यू सर" म्हणाले. ते दोन शब्द माझ्याच तोंडून निघाले. संध्याकाळी घरी पेढे घेऊन गेले. दादानं एक घेतला, अख्खा खाल्ला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. वहिनीनं हात पुढे केला नाही. तिला काही माहीत नव्हतं, दादानं तिला कधी सांगितलं नव्हतं. पण बाईमाणसाला न सांगता कळतं. तेव्हापासून ती मला चहा देते आणि माझ्याकडे न बघता कप उचलते.

आता दादा बिरवाडीच्या कारखान्यांकडे कामगारांची बस चालवतो. सकाळची पाळी, दुपारची पाळी. माझा महाडला फ्लॅट आहे. खिडकीतून नदी दिसते, पावसाळ्यात मी तिच्यावर नजर ठेवून झोपते. शाळेत मी आता ज्येष्ठ शिक्षिका आहे. नव्या मुली येतात, तात्पुरत्या नेमणुकीवर, आणि मला विचारतात, मॅडम, तुमचं कसं झालं? मी त्यांना सांगते, वेळ लागतो, धीर धरा. तेव्हा माझा आवाज अध्यक्षांसारखा मऊ होतो. मला ऐकू येतो तो.

परवा गाड्या गेल्या आणि मुलं जागेवर बसली. मी पुन्हा खडू घेतला, पण उदाहरण सुचेना. रोजची उदाहरणं असतात, पाण्यात साखर, सिमेंटमध्ये वाळू. एकही आठवलं नाही. मी मुलांना स्वाध्याय सोडवायला लावला आणि बसून राहिले. काल शाळा सुटल्यावर घरी न जाता सहा आसनी रिक्षानं बिरवाडीला गेले. पर्समध्ये कागद होता.

दादाची बस कारखान्याच्या फाटकाबाहेर उभी होती. पाळी सुटायला दहा मिनिटं होती. तो पुढची काच ओल्या फडक्यानं पुसत होता. केस पांढरे झालेत त्याचे कानांवरचे. मला बघून दचकला.

"काय गो? घरी ठीक हाय ना सगळं?"

मी कागद काढून त्याच्यासमोर धरला. त्यानं हात पँटला पुसले, कागद घेतला, उघडला. घडीवर कागद थोडा फाटला होता, पण सही स्पष्ट होती. त्यानं वरपासून खालपर्यंत वाचला, जणू पहिल्यांदाच वाचतोय.

"अक्षर चांगला हाय तुझा," तो म्हणाला.

"दादा, मी हा आता देते कुणाला तरी. पेपरात देते. बाबांच्या मुलाला देते."

"आता?" त्यानं कागदाची घडी घातली, जुन्या रेषेवरच. "आता त्याचा काय होणार? बाबा गेले मागच्या पावसात. तुला कळवला होता मी."

कळवलं होतं. मी गेले नव्हते. त्या दिवशी शाळेत तपासणी होती.

कारखान्याचा भोंगा झाला. आतून माणसांच्या बोलण्याचा आवाज फाटकाकडे येऊ लागला. मला वाटलं, आता विचारलं नाही तर मी पुन्हा कधी विचारणार नाही. वर्षानुवर्षं मनात एक उत्तर मी तयार ठेवलं होतं, त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि ते ऐकलं की झोप लागेल असं मला वाटत होतं.

"दादा, त्या दिवशी ठाण्यात... माझ्या जागी तू असतास, तर काय केलं असतंस?"

तो विचार करायला लागला. खरोखर विचार करत होता. मला बरं वाटावं म्हणून काही बोलायची त्याला सवय नाही, कधीच नव्हती. हातातलं फडकं त्यानं पिळलं, मळकं पाणी रस्त्यावर पडलं.

"मी दाखवला असता," तो म्हणाला.

मग कागद माझ्या हातात ठेवून तो बसमध्ये चढला, कारण माणसं आली होती.